नवरदेव पसार, वऱ्हाड उपाशी

निंबाभाऊ आणि भागाबाई आमच्याकडे जेवायला येणार हे ठरलं, तेव्हा मी बाबांना एकच गोष्ट बजावली. बातमी सांगायची नाही. बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली. शपथ घेताना ते इतके गंभीर झाले की मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बातमी सांगणं म्हणजे काय, ते आधी सांगते. माझे बाबा, रघुनाथ, जन्मभर कागद कारखान्यात होते, रद्दीच्या यार्डात. देशभरातले जुने पेपर तिथे ट्रक भरभरून यायचे आणि लगदा होऊन पुन्हा कागद व्हायचे. यार्डातली माणसं दुपारी डबा खायला बसली की गठ्ठ्यातून हाताला लागेल तो पेपर पुढ्यात अंथरायची. त्यातून त्यांचा एक रिवाज पडला. ज्याच्या भाकरीखाली जी बातमी येईल, तिचं पुढे काय झालं ते त्याने सांगायचं. भाकरी संपेपर्यंत थांबायचं नाही, आणि ऐकणाऱ्याने काही विचारलं तर 'माहीत नाही' म्हणायचं नाही. संध्याकाळपर्यंत तो पेपर लगद्यात जायचा, त्यामुळे खरंखोटं करायला कोणी मागे उरत नसे.

वसंतकाका म्हणून बाबांचे एक जोडीदार होते, ते मद्रासकडचा पेपर आला तरी अडायचे नाहीत. फोटो बघून सांगायचे. पण यार्डाचे राजे बाबाच. 'पाण्याच्या टाकीवर चढलेला प्रियकर उतरण्यास तयार नाही' ही बातमी त्यांनी दोन दुपारी पुरवली होती. तो उतरलाच नाही. मुलीचं लग्न होऊन ती इंदूरला गेली. इकडे नगरपालिकेने टाकीवर राहतो म्हणून त्याच्याकडे घरपट्टी मागितली, त्याने हरकत घेतली, सुनावणीला वकील शिडीने वर गेला. पुढे त्या मुलीची मुलं सुट्टीत आजोळी आली की खालून हात हलवायची आणि ती त्यांना सांगायची, तो बघा टाकीमामा. 'शहरात बिबट्या शिरला, वनखात्याकडून शोध सुरू' यातला शोध बाबांच्या मते अजून सुरूच आहे. शोधायला नेमलेला गार्ड त्याच कामावर रिटायर झाला, त्याच्या जागी त्याचा मुलगा लागला, आणि बिबट्याने दरम्यान म्हातारपणी शाकाहार धरला.

बाबा हे सगळं न हसता सांगतात. चेहरा असा की जणू स्वतः चौकशीला जाऊन आले आहेत.

रिटायर होताना लोक भिंतीवरचं घड्याळ घेऊन येतात. बाबा निवडक बातम्यांचा एक गठ्ठा घेऊन आले. आम्ही बुऱ्हाणपुरात घर घेतलं तेव्हा तो माळ्यावर गेला. तेव्हापासून जेवताना एखादा पेपर खाली यायचा आणि यार्डाचा रिवाज आमच्या स्वयंपाकघरात चालू राहायचा. मी लहान असताना मला तो फार आवडायचा. मोठी झाल्यावर कोणाच्या देखत आवडेनासा झाला.

आता पाहुण्यांचं. निंबाभाऊ तुकईथड गावचे, केळीवाले. त्यांचा मुलगा निरंजन केळीच्या रोपांची नर्सरी चालवतो. मी इथल्या एका शाळेत गणित शिकवते. निरंजन भाचीच्या ॲडमिशनसाठी शाळेत आला आणि ॲडमिशन झाल्यावरही येत राहिला. जात एकच निघाली, त्यामुळे निम्मं भांडण वाचलं. उरलेलं निम्मं निंबाभाऊंपाशी येऊन थांबलं होतं.

माझा आधी एकदा साखरपुडा झाला होता, जळगावच्या मुलाशी. तो त्यांच्याकडून मोडला. कारण सांगितलं नाही, फक्त आमची अंगठी एका ओळखीच्या माणसाबरोबर परत पाठवली. हे निंबाभाऊंच्या कानावर गेलं होतं. साखरपुडा मोडलेली मुलगी नको, असलं काही त्यांचं म्हणणं नव्हतं. तसं असतं तर मी कडाकडा भांडले असते आणि सोपं झालं असतं. त्यांची शंका वेगळीच होती. निरंजनला ते म्हणाले होते, "तिले जो पाह्यजे व्हता तो भेटला नही, मंग तू मोकळा दिसला. तुले कोनी जागा भराले नेऊन रायलं तं मी नही पाठवत." निरंजनने समजावलं, चिडून पाहिलं, जेवण सोडून पाहिलं. त्या माणसावर ढिम्म परिणाम नाही. शेवटी त्याची आई, भागाबाई, म्हणाल्या, एकदा पोरीच्या घरी जाऊ, जेवू, मंग काय ते सांगा. म्हणजे हे जेवण माझ्या लग्नाचं होतं, किंवा लग्न न होण्याचं. निरंजनने मला फोनवर स्पष्टच सांगून ठेवलं होतं, "पप्पांचा मूड 'नाही' म्हणायचाच आहे. देख लेना."

थंडीचे दिवस. आईने भरीत केलं होतं, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, भाकरी, वर ठेचा. माणसं सहा आणि आमचं डायनिंग टेबल चौघांचं. म्हणून खालीच पंगत धरली. पाहुण्यांचं ताट उघड्या फरशीवर ठेवायचं नाही हा आमच्या आईचा, सिंधूबाईंचा, कायदा. ताटाखाली पेपर हवाच. कारखान्याच्या वसाहतीत सगळ्या घरी तसंच होतं. तिथे कागदाला तोटा नव्हता. पण आता आमच्याकडे पेपर येतच नाही, बाबा मोबाइलवर वाचतात. शेजाऱ्यांकडे मागायचं आईच्या जिवावर आलं. तिने माळ्यावर हात घातला आणि जो गठ्ठा लागला तो खाली काढला.

मी ताटं घेऊन बाहेर आले तेव्हा पाहुणे बसलेले होते. त्यांच्यापुढे बाबांचा निवडक गठ्ठा ओळीने अंथरला होता. उठवायचं कसं? मी बाबांकडे बघितलं. बाबा छताकडे बघत होते.

पहिल्या भाकरीपर्यंत सगळं रीतसर चाललं. निंबाभाऊ उंच, हाडापेराने मोठे, बोलायला कमी. केळीला यंदा थंडी बाधली, असं ते म्हणाले. बाबा म्हणाले, बाधणारच. मग निंबाभाऊंनी भाकरीचा तुकडा मोडता मोडता, माझ्याकडे न बघता विचारलं, "ते जळगावचं जमलं असतं तं?"

असा प्रश्न कोणी जेवताना विचारतं का? पण त्यांनी विचारला, आणि तोही खवचटपणे नाही. खरंच जाणून घ्यायचं होतं त्यांना. मी तोंड उघडणार तेवढ्यात आई म्हणाली, "अहो, देवानेच वाचवलं म्हणायचं! भरीत घ्या ना." भरीत वाढलं गेलं आणि माझं उत्तर त्याच्याखाली गेलं. निंबाभाऊंनी मान हलवली. ती मान मला कळली. निरंजनलाही कळली, त्याने घास तसाच हातात धरला.

भागाबाई ठेंगण्या, डोक्यावरून पदर, सातवीपर्यंत शिकलेल्या. नवऱ्याच्या ताटाखालून बाहेर आलेल्या पेपराकडे त्या मघापासून बघत होत्या. त्यांनी मान तिरकी केली आणि मोठ्याने वाचलं, "ऐन मुहूर्तावर नवरदेव पसार, वऱ्हाड उपाशी."

"राहू दे," निंबाभाऊ म्हणाले.

"काबरं राहू दे? त्र्यान्नव सालचा पेपर हाये. आपल्या रावेरकडची बातमी." मग त्या बाबांकडे वळल्या. "भाऊ, निरंजन सांगत व्हता, तुमी पुढलं सांगता म्हने. मंग सांगा ना. पुढं काय झालं?"

मी बाबांना डोळ्यांनी जेवढं दटावता येतं तेवढं दटावलं. पण आग्रह पाहुण्यांचा, ताटात भाकरी, आणि बातमीही जपून ठेवलेली. शपथ कुठल्या कुठे गेली.

"नवरदेव ना?" बाबा म्हणाले. "तो बाशिंगासकट पळाला. काढायला वेळच मिळाला नाही. सडकेवर बुऱ्हाणपूरची बस मिळाली. कंडक्टर म्हणाला, नवरीचं तिकीट? हा म्हणाला, एकच द्या. बस म्हणजे काय, सगळी माणसं शहाणी. कोणी म्हणे वऱ्हाड मागे राहिलं असेल, बस थांबवा. बस अर्धा तास थांबली. वऱ्हाड येईना. मग एका आजींनी त्याला आपल्या डब्यातली पोळी दिली. म्हणजे बघा, वऱ्हाड उपाशी, नवरदेव जेवलेला."

निरंजन हसला. त्याला हसू आवरत नाही, हा त्याचा गुण आहे. आईसुद्धा पदर तोंडाला लावून हसली. बाबांना आणखी काय हवं होतं?

"इथे नदीच्या राजघाटावर उतरला. पुजाऱ्याला वाटलं, नवस फेडायला आलाय, त्याने नारळ फोडून दिला. पुढे खांडव्याला जाऊन बँडमध्ये लागला. क्लॅरिनेट वाजवायचा. फार छान वाजवायचा, पण मंगलाष्टकं सुरू झाली की त्याचे पाय आपोआप मागे जायचे. वाजवत वाजवत मांडवाबाहेर, मग गल्लीबाहेर. बँडवाल्याने शेवटी त्याच्या कमरेला दोरी बांधली, आणि दोरीचं दुसरं टोक ढोलवाल्याच्या पायाला."

"आन् नवरीचं काय झालं?" भागाबाईंनी विचारलं.

बाबांनी भाकरीचा तुकडा मोडला. इतक्या वर्षांत नवरीचं त्यांना कोणी विचारलंच नव्हतं. बातमीत नवरी नव्हतीच. पण 'माहीत नाही' म्हणायचं नाही, हा नियम.

"नवरीचं काय व्हायचंय," ते म्हणाले. "मांडव होता, भटजी होता, पंगतीच्या वरण-बट्ट्या गार होत होत्या. वऱ्हाडातला एक मोकळा गडी दिसला, त्याला धरून पाटावर बसवला. त्यालाही काही काम नव्हतं. जागा रिकामी झाली होती, भरली."

यावर कोणीच हसलं नाही. निंबाभाऊंनी हातातला घास ताटात ठेवला. बाबांनी आयुष्यात पहिल्यांदा भाकरी उरलेली असताना तोंड मिटलं.

"तो गडी मी," निंबाभाऊ म्हणाले. "सांगतलं ते बराबर सांगतलं. मोतीलाल माह्या मावशीचा पोरगा. त्याच्या वरातीत मी ट्रॅक्टर घेऊन गेलतो. तो पळाला, मले बसवलं. हे माह्या पोरालेबी मी सांगतलं नव्हतं."

"क्या बात कर रहे हो, पप्पा?" निरंजन म्हणाला.

बाबा हात जोडायला लागले, आई उठायला लागली. मला रडू येत होतं आणि रागही येत होता, बाबांचा, आईच्या त्या कायद्याचा आणि सगळ्या छापील कागदांचा. लग्न मोडलं ते मोडलं, वर या माणसाच्या पानात त्याचाच अपमान वाढला. पण भागाबाई जागच्या हलल्या नाहीत. त्या म्हणाल्या, "बसा सगळे. भाऊ, तुमी चुकीचं सांगतलं. आन् हे बी आजवर चुकीचंच समजून रायले."

त्यांनी पदर नीट केला.

"मी गौरीहर पुजाले आतल्या खोलीत बसलती, एकटी. मोतीलाल मागल्या खिडकीशी आला. रडून रायला व्हता. म्हने, माह्या मनात दुसरी हाये, घरचे ऐकत नही, मी काय करू. मी म्हनलं, मंग इथं काबरं उभा हायेस? गोठ्याच्या मागून वाट हाये, सडकेले लागते. तो बुद्धू तिथंच उभा. मले त्याले वरडावं लागलं, जा ना!"

"तू सांगतलं?" निंबाभाऊ म्हणाले. "तू पळवला?"

"हां, मीच. जो रडत रडत पाटावर बसनार, त्याले घेऊन मी काय करू? पर पुढचं मले कुठं माहीत व्हतं? इकडं बोंब झाली. तुमची सगळी वरात जेवनावर बसली व्हती ती उठली आन् माह्या बापाले बोलाले लागली. जसा त्यानंच पोरगा खिशात घातला! माहा बाप मांडवात खालीच बसला. मी दारातून पाहून रायलती. त्या एवढ्या गर्दीतून एक मानूस पानी घेऊन आला. बापाले पाजलं, आन् उभा नही रायला. त्याच्या संगं खाली मातीत बसला. नवे कपडे व्हते अंगावर."

निंबाभाऊ आपल्या हातांकडे बघत होते.

"मंग मोठे लोक म्हनले, हा मोकळा हाये का? सगळ्यात शेवटी मले इचारलं, पर इचारलं. मी हां म्हनलं. एकाले वाट दाखवलती, तुमालेबी दाखवता आली असती. गोठा काही हलला नव्हता."

हे ऐकून मला हसू आलं आणि त्याच क्षणी डोळ्यांत पाणी आलं. दोन्ही एकदम आलं की काय करायचं असतं मला माहीत नाही. मी ठेचा तिखट असल्यासारखं पाणी प्यायले.

"मले कधी सांगतलं नही," निंबाभाऊ म्हणाले.

"आधी बापाच्या भेवानं नही सांगतलं. त्याले कळलं असतं का पोरीनंच पळवला, तं तो मेला असता. मंग बाप गेला. मंग वाटलं, आता काय सांगाचं, तुमालेबी माहीत असंन. तुमी तं कधी इचारलंबी नही. केळी इचारली, कांदे इचारले, हे नही इचारलं."

"भेव वाटे," निंबाभाऊ म्हणाले. एवढा मोठा माणूस हे इतक्या सरळ म्हणाला की आईने उगाच भाकरीची टोपली इकडची तिकडे केली.

मग ते माझ्याकडे वळले. दिवसभरात पहिल्यांदा त्यांनी मला नीट बघितलं. "अर्चना, मी मघा तुले इचारलं. तू नही सांगतलं, तुह्या आईनं सांगतलं. आता तू सांग."

आईने तोंड उघडलं. मी तिच्या गुडघ्यावर हात ठेवला.

"जमलं असतं तर मी आज जळगावला असते," मी म्हटलं. "सुखातही असते कदाचित. तो मुलगा काही वाईट नव्हता. पण अंगठी परत आली तेव्हा मला लाज वाटली, राग आला, रडू नाही आलं. निरंजन दिवाळीत माझ्याशी भांडून बोलायचा थांबला होता, तेव्हा मी वर्गात फळ्याकडे तोंड करून रडले. मुलांना वाटलं मॅडमला गणित येत नाहीये. मी मोकळी आहे म्हणून त्याच्याशी लग्न करत नाही. मोकळी राहायला मला काही त्रास नाही, पगार आहे. मला हा पाहिजे."

हे मी सासऱ्यांच्या, आईच्या, बाबांच्या देखत, भरीत खाल्लेल्या तोंडाने बोलले. निरंजनचे कान लाल झाले होते.

"मी 'नही' सांगाले आलतो," निंबाभाऊ म्हणाले.

"ते सगळ्यायले दिसून रायलं व्हतं," भागाबाई म्हणाल्या. "आता?"

निंबाभाऊंनी ताटातला घास उचलला. "आता जेवू दे," ते म्हणाले. आणि जेवले. आमच्या आईच्या हिशेबाने फार चांगलं जेवले. हात धुताना ते बाबांना म्हणाले, "रघुनाथभाऊ, फाल्गुनात पाहा तारीख. केळी कापनीच्या आधी." बाबांनी त्यांच्यापुढे टॉवेल धरला आणि लगेच आतून कॅलेंडर आणलं.

निघताना निरंजन नेहमीप्रमाणे गाडी चालवायला बसत होता. निंबाभाऊंनी त्याच्या हातातून किल्ली घेतली, त्याला मागे बसवलं आणि पुढचं दार भागाबाईंसाठी उघडून धरलं. त्यांनी ते कधी उघडून धरलं नसावं. भागाबाई दुसऱ्या बाजूने निघाल्या होत्या, त्यांना परत बोलवावं लागलं.

ताटं घासून होत आली होती तेव्हा निरंजनचा फोन आला. मी म्हटलं, पोचलात? तो म्हणाला, "कुठले पोचलो? राजघाटावर आहे. पप्पांनी सरळ इकडेच आणली गाडी. दोघं पायऱ्यांवर जाऊन बसलेत, मला म्हणाले तू गाडीतच थांब."

"काय बोलतायत?"

"ऐकू नाही येत ना. पप्पा विचारून रायले, मम्मी सांगून रायली. मध्येच पप्पा हसतात. यार, अर्चना, मी पप्पांना असं हसताना पाहिलंच नाहीये. ऊन पण उतरायला लागलं. हॉर्न वाजवू का?"

"अजिबात नाही," मी म्हटलं. "बसू दे त्यांना."